गद्दींचा कुत्रा : धौलाधारच्या कळपाचा राखणदार

२००२ सालच्या मे महिन्यात पठाणकोटहून पुण्याकडे येणाऱ्या गाडीत माझ्या पायांशी वेताची एक टोपली होती. टोपलीत दोन महिन्यांचं काळंभोर पिल्लू होतं. वय एवढंसं, पण पंजे मोठ्या कुत्र्याचे. डब्यातली मुलं त्याला अस्वलाचं पिल्लू म्हणत होती आणि मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगत होतो, “हा गद्दी कुत्रा आहे. हिमालयातला. बिबट्याशी झुंजतो.” माझी तेव्हाची माहिती एवढीच होती. हा लेख लिहिण्याइतपत जी माहिती पुढे जमली, ती त्या पिल्लाच्या जिवावर जमली. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

मी पेशाने छापखानेवाला. वाईत वडिलांचा ट्रेडल मशीनचा छोटा छापखाना होता, तो मी चालवला. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तरुणपणी हिमालयात भटकायचं वेड होतं, त्यातून मेंढपाळांशी ओळखी झाल्या आणि मेंढपाळांतून त्यांच्या कुत्र्यांशी. वाचन नंतरचं. ते केलं नसतं तर मी काय चुकलो हेही मला कळलं नसतं.

त्या मे महिन्यात मी बैजनाथहून जलसू खिंडीच्या वाटेला लागलो होतो. ही खिंड धौलाधार पर्वतरांगेत साडेतीन हजार मीटरच्या आसपास आहे. कांगड्यातले कळप तिच्यातून पलीकडे रावीच्या खोऱ्यात उतरतात. वाटेत एका कळपापाशी दोन रात्री राहिलो. कळपाच्या म्हाताऱ्या मालकाला मी चाचा म्हणू लागलो. त्यांची कुत्री व्यालेली होती. पिल्लं कोकरांच्या अंगावर लोळत होती, कोकरं पिल्लांना ढुशा देत होती. मी एक पिल्लू मागितलं. चाचांनी मान हलवली. “नीचे नहीं रहेगा ये,” एवढंच म्हणाले. कळपाचं पिल्लू कळपातच जातं, भाच्याला देतात, व्याह्याला देतात, विकत नाहीत, असंही त्यांनी सांगितलं. मी तिथेच थांबायला हवं होतं. परतीच्या वाटेवर सडकेला लागून असलेल्या एका वस्तीत एकाने मला तीनशे रुपयांत पिल्लू दिलं. ते मी घेतलं. त्याचं नाव ठेवलं काळू.

कोण हे गद्दी?

गद्दी हा हिमाचल प्रदेशातला मेंढपाळ समाज. चंबा जिल्ह्यातलं भरमौर हे त्यांचं मूळ ठाणं. धौलाधारच्या दक्षिण उतारावर, कांगड्यातही त्यांची बरीच गावं आहेत. मणिमहेशचा शिव हे त्यांचं दैवत, आणि मेंढरं शिवानेच दिली अशी त्यांची श्रद्धा. अंगात लोकरीचा घेरदार चोला आणि कमरेला काळ्या लोकरीच्या दोराचे अनेक वेढे. त्याला ते डोराच म्हणतात. या वेढ्यांमुळे चोल्याचा वरचा भाग खिशासारखा फुगतो. नुकतंच जन्मलेलं, चालू न शकणारं कोकरू त्यात घालून मेंढपाळ खिंड ओलांडतो.

त्यांचं वर्ष दोन टोकांत विभागलेलं असतं. हिवाळ्यात कळप कांगडा, ऊना, बिलासपूरकडच्या कमी उंचीच्या जंगलांत असतात. या हिवाळी चराईच्या रानाला ते ‘बन’ म्हणतात. एप्रिलपासून वर सरकायला सुरुवात होते. मे-जूनमध्ये धौलाधार ओलांडायची. जलसू, थमसर, ४३४२ मीटर उंचीची इंद्रहार, अशा खिंडी आहेत. त्यापुढे पीर पंजाल ओलांडून काही कळप लाहौलात जातात. त्या वाटेवरची कुगती खिंड सुमारे पाच हजार मीटर उंच आहे. वरच्या कुरणाला ‘धार’ म्हणतात. कोणत्या कुटुंबाची धार कोणती, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. सप्टेंबरात उतरणं सुरू होतं.

आपल्याकडे फलटण-बारामती भागातले धनगर दसरा-दिवाळीच्या सुमारास वाडे घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या आधी परततात, तोच हा प्रकार. मात्र चाल उलटी. धनगर पावसापासून पळतो, गद्दी बर्फापासून. दोघांच्याही मागे कुत्रा असतो.

उगम : ग्रंथातला आणि डोंगरातला

भारतीय वाङ्मयात कुत्रा प्रथम भेटतो तो राखणदार म्हणून नव्हे, शोधक म्हणून. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात इंद्राची दूती सरमा पणींनी लपवलेल्या गायींचा माग काढत जाते आणि पणींशी वाद घालते. तिचे वंशज ते सारमेय. यमाच्या वाटेवरच्या दोन सारमेयांना ऋग्वेदात ‘चार डोळ्यांचे’ म्हटलं आहे. हे विशेषण मला अनेक वर्षं निव्वळ कविकल्पना वाटत होतं. पुढे डोंगरातली काळी कुत्री जवळून पाहिली तेव्हा काहींच्या दोन्ही डोळ्यांवर बदामी रंगाचा एकेक ठिपका दिसला. कुत्रा डोळे मिटून पडला तरी लांबून जागा वाटतो. मंगोलियातले मेंढपाळ अशा कुत्र्याला आजही चार डोळ्यांचा म्हणतात. पारशी धर्मातल्या ‘सगदीद’ या अंत्यविधीत प्रेताला कुत्र्याची नजर दाखवतात. त्यासाठीही जुन्या ग्रंथांनी चार डोळ्यांचा कुत्रा सांगितला आहे. मुंबईच्या पारशांपासून मंगोलियाच्या गवताळ मैदानांपर्यंत पसरलेली ही कल्पना पशुपालकांच्या डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या कुत्र्यावरून आली असावी, असं मला वाटतं.

मोठ्या, ताकदवान कुत्र्याचा स्पष्ट उल्लेख वाल्मीकिरामायणात आहे. भरत आजोळहून अयोध्येला निघतो तेव्हा केकयाचा राजा त्याला ज्या भेटी देतो, त्यांत राजवाड्यात वाढवलेले, वाघासारख्या बळाचे, मोठ्या देहाचे कुत्रे आहेत. केकय देश पंजाबातला. अलेक्झांडर त्याच भागात आला असताना सोपीथीस नावाच्या राजाने त्याला दीडशे कुत्रे भेट दिले, असं डायोडोरस लिहितो. त्यांची परीक्षा म्हणून काही कुत्रे सिंहावर सोडले. एकाचा पाय कापायला घेतला तरी त्याने सिंहाला धरलेला जबडा सोडला नाही, अशी ती कथा. हेरोडोटसच्या लिखाणात तर बाबिलोनजवळची चार मोठी गावं भारतीय कुत्र्यांना पोसण्याच्या बदल्यात बाकीच्या करातून मुक्त होती, असं येतं.

या उल्लेखांवरून गद्दी कुत्र्याचा वंश थेट केकयापर्यंत नेणारे लोक मला भेटतात. मला ते मान्य नाही. त्यातून सिद्ध होतं ते एवढंच की पंजाब आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांतल्या थोराड कुत्र्यांची ख्याती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. शिवाय हे दरबारातले कुत्रे होते. सिंहावर धावून जाणारा कुत्रा मेंढपाळाच्या कामाचा नसतो. तो का नसतो, ते पुढे येईल.

उगमाचा अधिक भक्कम धागा भूगोलाचा आहे. मेंढी माणसाळली ती पश्चिम आशियात, दहा हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास. कुत्रा त्याच्याही कितीतरी आधी माणसाजवळ आला होता. जर्मनीत बॉनजवळ माणसांसोबत पुरलेला कुत्रा सापडला, तो सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा. मेंढ्या जिथे जिथे गेल्या आणि जिथे जिथे लांडगा, अस्वल किंवा बिबट्या होता, तिथे राखणदार कुत्रा तयार झाला. नकाशा उलगडून पाहा. पोर्तुगालचा एस्त्रेला, पिरेनीज पर्वतातला पांढरा कुत्रा, इटलीचा मारेम्मा, तुर्कस्तानचा कांगाल, कॉकेशस आणि मध्य आशियातले राखणे, मग काश्मीरचा बखरवाल, हिमाचलचा गद्दी, उत्तराखंडचा भोटिया आणि पलीकडे तिबेटी मॅस्टिफ. युरोपाच्या पश्चिम टोकापासून तिबेटपर्यंत सलग पट्टा आहे. सगळे मोठ्या डोक्याचे, दाट केसांचे, शांत वाटणारे. मार्को पोलोने तिबेटातले कुत्रे गाढवाएवढे असल्याचं लिहिलं. त्यात अतिशयोक्ती आहे, पण कोणत्या प्रकारचा कुत्रा त्याच्या डोळ्यांसमोर होता ते कळतं.

यांतल्या तिबेटी मॅस्टिफचा जनुकीय अभ्यास बराच झाला आहे. विरळ हवेत तग धरण्याशी संबंधित एक जनुक आहे, ‘ईपास-१’. त्याचा उंचीला साजेसा प्रकार तिबेटी कुत्र्यांत आढळतो आणि तो तिथल्या लांडग्यांशी झालेल्या संकरातून आला, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. सखल प्रदेशातून वर गेलेल्या कुत्र्याने वरच्या लांडग्याकडून श्वास उसना घेतला, असं म्हणता येईल. गद्दी कुत्रा वर्षातले तीन-चार महिनेच तेवढ्या उंचीवर असतो. पण लाहौल-स्पितीमार्गे तिबेटशी व्यापार होता. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर त्यांची कुत्री होती, आणि कुत्री सरहद्द मानत नाहीत. हिमाचलात या कुत्र्याला सर्रास ‘भोटिया’ म्हणतात, त्याचं मूळ या शेजारात आहे. भोट म्हणजे तिबेट.

बांधा, केस, गळपट्टा

गद्दी कुत्रा बहुतांशी काळा. छातीवर किंवा पंजांवर पांढरं असू शकतं, काहींना बदामी छटा असते. मान जाड आणि कमानदार, तिच्याभोवती आयाळीसारखे केस. डोकं रुंद, छाती खोल. शेपटी झुबकेदार, उत्साहात असला की पाठीवर वळलेली. अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, लांब, पाणी निथळवणारा. खालचा मऊ, लोकरीसारखा, ऊब धरणारा. बर्फात झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर सकाळी बर्फाचा पातळ थर असतो, आणि हात घातला तर आत गरम असतं. हे मी स्वतः पाहिलं आहे.

कळपातल्या कुत्र्याच्या गळ्यात बाहेर अणकुचीदार दाते आलेला लोखंडी पट्टा असतो. शहरी माणसाला तो क्रूर वाटतो. पण बिबट्या पकडतो गळ्याला, आणि पहिल्याच झडपेत. तो पट्टा म्हणजे कुत्र्याचं चिलखत आहे. याच कारणाने बरेच मेंढपाळ लहानपणीच पिल्लाचे कान कापतात. झुंजीत शत्रूला पकड मिळू नये म्हणून. घरात पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत असं करायला काहीच आधार नाही. केवळ ‘अस्सल’ दिसावा म्हणून कान कापलेली पिल्लं मी पाहिली आहेत. ती शुद्ध इजा आहे.

राखण म्हणजे काय

आता मघाच्या सिंहाकडे येतो. ‘शीपडॉग’ या एका शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत एक ‘हिमालयन शीपडॉग’ होता. हा शब्द वाचला की आपल्या डोळ्यांसमोर मेंढ्या हाकणारा इंग्रजी कुत्रा येतो. पण मेंढ्या हाकणारा कुत्रा आणि मेंढ्या राखणारा कुत्रा हे दोन वेगळे स्वभाव आहेत.

अमेरिकेतल्या रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून राखणदार कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांची मांडणी साधी आहे. लांडग्याची शिकार ही एक साखळी असते : रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणारा चावा, मारणारा चावा, फाडणं. हाकणाऱ्या कुत्र्यात या साखळीच्या पहिल्या कड्या, म्हणजे रोखणं, दबा आणि पाठलाग, निवडीने तीव्र केलेल्या असतात आणि पुढच्या दाबलेल्या. राखणाऱ्या कुत्र्यात ही साखळी जवळजवळ झोपलेली असते. मेंढी पळाली तरी त्याला पाठलाग सुचत नाही. म्हणूनच मेंढी त्याला भीत नाही, आणि म्हणूनच तो कळपाच्या मधोमध झोपू शकतो. चांगल्या राखणदाराच्या अंगी तीन गुण हवेत, असं ते सांगतात. त्याने कळपाला इजा करू नये, कळपाला सोडून जाऊ नये, आणि अनोळखी काही आलं तर मध्ये उभं राहावं.

मध्ये उभं राहणं हेच मुख्य काम. बिबट्याला मारणं हे कुत्र्याचं काम नाही, ते क्वचितच घडतं. कुत्रा भुंकतो, पुढे धावतो, मागे येतो, पुन्हा धावतो. लपूनछपून येणाऱ्या शिकाऱ्याची लपवणूक मोडते. मेंढपाळ जागा होतो, शेकोटी पेटते, आरडाओरडा होतो, जनावर निघून जातं. सिंहाला धरून मरणारा कुत्रा राजाला शोभेचा. मेंढपाळाला दुसऱ्या रात्रीही जिवंत असलेला कुत्रा लागतो. चाचांच्या कळपापाशी दुसऱ्या रात्री असंच झालं. अस्वल आलं होतं. मी तंबूतून बाहेर येईतो सगळं संपलं होतं. कुत्री कळपाच्या कडेने फेऱ्या मारत होती आणि मेंढ्या तशाच रवंथ करत बसल्या होत्या. खाली सडकेवर उतरल्यावर याच कुत्र्यांचं काम बदलतं. तिथे धोका चोरांचा असतो.

हे सगळं रक्तात असतं का? अर्धं असतं. उरलेलं अर्धं वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदा-सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरतं. या काळात पिल्लू ज्यांच्या वासात, उबेत, आवाजात वाढतं, त्यांना ते आपलं मानतं. कोकरांत वाढलं तर कोकरं आपली. माणसांत वाढलं तर माणसं आपली, आणि तीही त्या घरातलीच. ही खिडकी एकदा बंद झाली की पुन्हा उघडत नाही. चाचांच्या कळपातली पिल्लं कोकरांवर लोळत होती तो खेळ नव्हता, ती शाळा होती. त्यानंतरही दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत कुत्र्यावर पूर्ण भरवसा टाकत नाहीत. वयात येणारं पिल्लू खेळाच्या भरात कोकरामागे धावतं. मेंढपाळ हाक मारतो, दटावतो, जाणत्या कुत्र्यासोबत ठेवतो.

काळू

काळू वाईत आला तेव्हा नऊ-दहा आठवड्यांचा होता. खिडकी उघडीच होती. तिच्यातून त्याला काय दिसलं? आमचं अंगण, माझी आई, बायको, मुलगी, छापखान्यातले दोघे कामगार. बाकी सगळं जग परकं. दहा महिन्यांचा झाला तेव्हा त्याचं वजन पस्तीस किलोंच्या वर गेलं होतं. दिवसभर झोपायचा आणि रात्री अकरा ते चार भुंकायचा. मी त्याला रागावत होतो. तो आपलं काम करत होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. राखणदार कुत्रा रात्रीचाच असतो.

मार्च २००३ मध्ये शेजारचा बारा वर्षांचा मुलगा चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारून अंगणात आला. माझी मुलगी तिथे खेळत होती. काळू मध्ये उभा राहिला, मुलगा धावला, आणि काळूने त्याचा दंड धरला. सात टाके पडले, लशी झाल्या. मुलाच्या वडिलांनी तक्रार केली नाही, पण आमच्याकडे येणं-जाणं बंद केलं. ते आजतागायत बंद आहे.

मग मी दुसरी चूक केली. मेंढ्यांचा कुत्रा, मेंढ्यांत सुखी होईल, म्हणून जूनमध्ये कोकणातून परतलेल्या फलटणकडच्या एका ओळखीच्या धनगराकडे त्याला नेऊन सोडला. तीन आठवड्यांत निरोप आला. काळूने दोन कोकरं मारली होती. खाल्ली नव्हती, खेळवून खेळवून मारली होती. मी पैसे घेऊन गेलो. मामांनी एका कोकराचेच घेतले. म्हणाले, “ह्यो कुत्रा तुमी मानसात वाडावला. आता त्यो मेंढराचा न्हाय आन् मानसाचाबी न्हाय.” कॉपिंजर दांपत्याचं पुस्तक माझ्या हाती पडलं ते पुढे पाच वर्षांनी. त्यात जे शेकडो पानांत होतं, ते मामांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं.

एप्रिल २००४ मध्ये, दुपारी, लाइट गेलेले असताना, काळू मागच्या पडवीत उष्माघाताने गेला. मी साताऱ्याला कागद आणायला गेलो होतो. आईने पाणी ओतलं, डॉक्टर येईतो उशीर झाला होता. तो दोन वर्षांचा होता. वर, डोंगरात, याच वयात कुत्र्यावर कळप सोपवतात.

निगा

ज्यांच्याकडे असा कुत्रा आहे, किंवा जे थंड डोंगराळ भागात राहतात आणि ज्यांच्याकडे राखायला खरोखर काही आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहितो.

ऊन. दुहेरी केसांचा कुत्रा धापा टाकूनच अंग निववतो. घाम त्याच्या कामाचा नाही. उन्हाळ्यात त्याला सावली, ओली जमीन, भरपूर पाणी लागतं, आणि दुपारी हालचाल नको. केस भादरू नका. तेच केस उन्हाची तिरीप अडवतात. वसंतात आतला थर झडतो, तेव्हा रोज विंचरून मेलेले केस काढावेत. कुत्रा धापा टाकत लाळ गाळू लागला, झोकांड्या खाऊ लागला तर थांबू नका. साधं गार पाणी अंगभर ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टर गाठा.

अन्न. गद्दी मेंढपाळ कुत्र्याला मक्याची किंवा गव्हाची रोटी आणि ताक घालतात, कधी दूध, मेलेल्या जनावराचं मांस. एवढ्यावर एवढा कुत्रा कसा जगतो, याचं मला आश्चर्य वाटे. पिठूळ अन्न पचवण्याच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ जास्त असतात, हे २०१३ मधल्या एका संशोधनाने दाखवलं. माणसाच्या चुलीशी राहून हा प्राणी आतूनही बदलला. तरी वाढत्या पिल्लाला रोटी पुरत नाही, प्रथिनं हवीत. आणि मोठ्या हाडाच्या पिल्लाला फार भराभर वाढवूही नये, नाहीतर खुब्याचे सांधे बिघडतात.

जंत. हा सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. मेंढी कापली की तिचं आतडं, यकृत, फुप्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत सगळीकडे आहे, धौलाधारात आणि आपल्या माणदेशातही. त्या अवयवांत पाण्याने भरलेल्या गाठी असतील तर त्यांतला एक पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर आणि कुत्र्याच्या केसांवर येतात, तिथून मेंढीत आणि माणसात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते. याला हायडॅटिड रोग म्हणतात. दुसऱ्या एका पट्टकृमीमुळे मेंढीच्या मेंदूत गाठ होते आणि ती एकाच दिशेला गोल गोल फिरत राहते. मेंढपाळ अशी मेंढी लगेच ओळखतो. तिचा आपल्या कुत्र्याशी संबंध आहे हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. उपाय स्वस्त आहे. कापलेल्या जनावराचे अवयव पुरावेत किंवा नीट उकळून मगच घालावेत, आणि प्राझिक्वांटेलची गोळी वर्षातून किमान चार वेळा डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवावेत, मुलांनी तर नक्कीच.

लशी. पार्व्हो आणि डिस्टेंपर सहा ते आठ आठवड्यांपासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी. फिरत्या कळपाला दवाखाना सापडत नाही, म्हणून लस देणाऱ्यानेच कळपाच्या वाटेवर यायला हवं. कोणत्या आठवड्यात कोणत्या पुलावरून कळप जातात, हे खिंडीच्या पायथ्याचं प्रत्येक गाव सांगू शकतं.

कागदावरची जात, डोंगरातली जात

जानेवारी २०२५ मध्ये कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने गद्दी कुत्र्याची देशी जात म्हणून नोंद केली. यापूर्वी राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड यांची नोंद झाली होती. ते तिन्ही दख्खन आणि दक्षिणेतले. हिमालयातला हा पहिला. पालमपूरच्या कृषी विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी त्यासाठी परिश्रम घेतले. नोंदीमुळे संशोधनाला आधार मिळतो, जातिवंत माद्या-नर जपता येतात. याचा मला आनंद आहे.

काळजीही आहे. गद्दी कुत्रा ही लोकजात. तिच्यासाठी कुणी वंशावळ लिहिली नाही. ज्याने कोकरू मारलं त्याला कळपात ठेवलं नाही, जो कळप सोडून पळाला त्याची पिल्लं कुणी घेतली नाहीत, जो रात्री उभा राहिला त्याची पिल्लं भाच्याला गेली. शेकडो वर्षांची ही निवड म्हणजेच ही जात. काळा रंग आणि जाड मान ही तिची बाहेरची खूण. कळपापासून तोडून, पिंजऱ्यात, रंग आणि मान पाहून वीत वाढवली, तर काही पिढ्यांत खूण राहील आणि कुत्रा जाईल. शिवाय नोंद झाल्यावर नाव होतं, नाव झालं की भाव येतो. पुण्या-मुंबईत पिल्लू मिळेल का, असे फोन मला या वर्षभरात आले आहेत. करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. माझाही नव्हता.

कळपच कमी होत आहेत. शिकलेली मुलं धारेवर जायला तयार नाहीत. लोकरीला भाव नाही, कळप टिकतो तो मांसाच्या भावावर. चराईच्या परवान्यांच्या अटी, बंद केलेली जंगलं, रावीच्या खोऱ्यातले जलविद्युत प्रकल्प आणि त्यांच्या सडका यांनी जुन्या वाटा अरुंद केल्या. कळप गेला की कुत्रा रस्त्यावर येतो आणि गावठी कुत्र्यांत मिसळतो. म्हणून हा कुत्रा जपायचा तर कळपाची वाट जपावी लागेल : चराईचा हक्क, वाटेवरचा मुक्काम, बिबट्याने मारलेल्या मेंढीची वेळेवर भरपाई. नोंदणीचं पुढचं पाऊल मेंढपाळाच्या दिशेने पडायला हवं. चांगली कुत्री पाळणाऱ्या गद्द्याला त्या पाळण्याबद्दल काही मिळायला हवं.

२०१६ च्या ऑक्टोबरात मी पुन्हा बैजनाथला गेलो. चाचा घरीच होते, वर जाणं थांबलं होतं. कळप अर्धा विकला होता, उरलेला पुतण्या नेत होता. मी त्यांना काळूची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी नको म्हटल्यावरही मी दुसरीकडून पिल्लू घेतलं, हेही सांगितलं. ते बराच वेळ हुक्का ओढत राहिले. मग म्हणाले, “कुत्ता तो तेरा ठीक था. उसको काम नहीं मिला.”

निघताना पुतण्याचा कळप गावात उतरला. पुढे बकऱ्या, मागे मेंढ्या आणि सर्वांत शेवटी, लंगडणाऱ्या एका मेंढीच्या चालीने चालणारा काळा कुत्रा. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं, मी कळपापासून पुरेसा लांब उभा आहे याची खात्री केली आणि पुढे गेला. या वेळी मी काही मागितलं नाही.